अंगठीच्या मधला ठिपका

आमच्या ह्यांना सगळे पॉलिश म्हणायचे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं, चांगलं होतं, पण ते कागदोपत्रीच राहिलं. फरशी घासून चकचकीत करायचं काम ह्यांनी जन्मभर केलं. नव्या घरात दगड बसवला की तो खडबडीत असतो. मग त्यावर मशीन फिरवायचं, पाणी मारायचं, चिखल काढायचा, पुन्हा फिरवायचं. काम संपलं की हे पोटावर आडवे व्हायचे आणि गाल फरशीला लावून बघायचे. छताचा दिवा फरशीत सरळ दिसला तर ठीक, वाकडा दिसला तर तेवढा भाग परत. घरमालक म्हणायचे, राहू द्या हो, तिथे पलंग येणार आहे. पण ऐकतील तर शपथ. मी म्हणायचे, जिथे झुरळं फिरणार त्या जागेसाठी एवढा जीव कशाला काढताय?

कोपऱ्यात मोठं मशीन जात नाही. ते कोपरे हातमशीनने कोरडेच घासायचे, आणि तिथेच घात झाला. तोंडाचा मास्क कायम कपाळावर. रोज संध्याकाळी मी ह्यांचे कपडे गच्चीत झटकायचे तेव्हा पांढरा धूर उठायचा. त्यातला छातीत किती गेला ते आम्हाला पन्नाशी उलटल्यावर कळलं, जिना चढताना मधेच थांबायला लागले तेव्हा. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं घट्ट होत चालली आहेत, ती परत मऊ व्हायची नाहीत. घरी येऊन मी तो मास्क शोधला आणि कचऱ्यात फेकला. इतक्या वर्षांत तो आतून मळलासुद्धा नव्हता.

काम सुटलं आणि दुर्बिणीचं खूळ आलं. खरं तर ते आधीपासून होतं, आता त्याला रान मोकळं मिळालं. ह्यांनी थाळीएवढी जाड काच आणली आणि दुर्बिणीसाठी तिचा आरसा घरीच घासला. स्वयंपाकघरात एक पिंप उपडं ठेवलं, त्यावर काच, काचेवर दुसरी काच, मधे पूड आणि पाणी. आणि हे पिंपाभोवती फिरतायत, घाण्याच्या बैलासारखे. दर थोड्या वेळाने दम लागायचा, मग पिंपाला टेकून उभे राहायचे. मी भाजी चिरता चिरता म्हणायचे, एक तर फुप्फुसं खराब करून घेतलीत फरशीपायी, आता उरलंसुरलं काचेवर उधळा. हे म्हणायचे, अगं, ही ओली घासतोय, धूळ नाही उडत. हे शहाणपण तीस वर्षं उशिरा सुचलं होतं.

या खुळात ह्यांना साथ होती तिकिटाची. तिकीट म्हणजे ह्यांचा शाळेपासूनचा मित्र. पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर आयुष्य काढलं म्हणून तिकीट. मी त्यांना भावजी म्हणते. बायको गेल्यापासून एकटे, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात, आणि त्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे. दुर्बीण, कॅमेरा आणि फोटो काढणं ह्यांच्याकडे, त्या फोटोंचं पुढे काय ते भावजींकडे. दर दोन-चार दिवसांनी भावजी येऊन पेनड्राइव्ह घेऊन जायचे.

हे सगळं मला नीट कळलं ते त्यांच्या भांडणांतून. आकाशात एक गोष्ट आहे, तिला ते अंगठी म्हणायचे. म्हातारा झालेला तारा आपल्या अंगावरचा वायू चारी बाजूंना सोडून देतो, त्याचं गोल कडं दिसतं. मी म्हटलं, मला कधी अंगठी केली नाहीत ती नाहीत, वर आकाशातली शोधताय. हे हसले आणि त्यांना ठसका लागला. तर त्या अंगठीच्या बरोबर मधे त्या ताऱ्याचा उरलेला जीव आहे, एक बारीक ठिपका. अंगठी कोणालाही मिळते. तो ठिपका घरच्या आरशाला मिळणं महाकठीण. ह्यांना तो हवा होता. स्वतः घासलेल्या आरशातून, स्वतःच्या गच्चीतून. दुसरं काही मागणं नव्हतंच त्या माणसाचं. मूलबाळ नव्हतं आम्हाला, गाडीबंगल्याची हौस नव्हती. एक ठिपका.

आणि त्यासाठी फोटो किती, तर हजारो. मी विचारलं, एक धड काढता येत नाही म्हणून हजार काढायचे? तेव्हा भावजींनी मला समजावलं. वहिनी, म्हणाले, तापलेल्या तव्यावरून पलीकडे बघितलं तर सगळं थरथरतं ना? आपल्या डोक्यावरची हवा तशीच आहे. म्हणून अगदी छोटे छोटे फोटो काढायचे. एखाद्या क्षणी हवा थांबते, तेवढा फोटो स्वच्छ येतो. मग सगळे एकावर एक रचायचे. पूर्वीचा प्रोग्रॅम सगळ्यांना सारखाच मान द्यायचा, चांगला-वाईट बघायचा नाही. हा नवीन आलाय तो प्रत्येक फोटो तपासतो, चांगल्याला जास्त वजन देतो, फुसक्याला कमी. इतकंच नाही, एका फोटोचा हा तुकडा चांगला, दुसऱ्याचा तो, असं निवडून घेतो. मी म्हटलं, म्हणजे मी तांदूळ निवडते तसं. भावजी म्हणाले, अगदी तसं. हे म्हणाले, तू निवडलेल्या तांदळात खडा लागतोच, हा प्रोग्रॅम बरा आहे. त्या दिवशी ह्यांना वाढताना मी मुद्दाम मीठ कमी घातलं.

तोवर घरात मशीन आलं होतं. हवेतला ऑक्सिजन गोळा करून नळीने नाकात सोडणारं. छोट्या कपाटाएवढं, चाकांवर चालणारं, आणि दिवसरात्र गुरगुरणारं. मला पहिल्यांदा झोप लागेना. मग इतकी सवय झाली की तो आवाज ऐकूच येईनासा झाला. आमची खोली आणि गच्ची यांच्यामधे एक उंबरा. मशीन उंबऱ्याच्या आत, हे उंबऱ्याच्या बाहेर दुर्बिणीजवळ खुर्चीवर, मधे नळी. नळी बेताचीच होती. ती तिथवरच पुरायची.

भावजींना हे माहीत नव्हतं. ह्यांनी त्यांना सांगितलं होतं की मशीन फक्त झोपताना लावतो. मित्रासमोर नाकात नळी घालून बसायचं नव्हतं ह्यांना. भावजी दिवसा यायचे, बेल वाजली की मशीन बंद, नळी काढून उशीखाली. आणि मी गप्प राहायचे. पुरुषांचा मान हा काय प्रकार असतो तो मला आजवर कळलेला नाही, पण मी गप्प राहायचे.

एक दिवस भावजी आले ते तोंड पाडूनच. म्हणाले, पॉलिश, तुझे फोटो सगळे फुसके निघतायत. प्रोग्रॅम त्यांना वजनच देईना. अंगठी येते पण आत धुकं. हे म्हणाले, हवा वाईट असेल. भावजी म्हणाले, हवा नाही रे. हवेने तारा पसरतो, पण गोल राहतो. तुझा तारा लांबट येतो, अंड्यासारखा, सगळ्या फोटोंत एकाच दिशेला. म्हणजे तुझ्या दुर्बिणीच्या खाली काहीतरी हलतंय. कुणाचा पंप, फ्रीज, कपडे धुवायचं मशीन, काहीतरी आहे बघ. तेवढं शोध. ते थांबलं की ठिपका तुझा.

मी चहा गाळत होते. ऐकलं आणि विसरले. मला काय, पंप असेल तर असेल.

त्यानंतर भावजींचे फोन यायला लागले ते आनंदाचे. सापडलं वाटतं रे, काय होतं? हे म्हणाले, मागच्या घराचा पाण्याचा पंप. त्यांना सांगितलं, संध्याकाळी लावत जाऊ नका. भावजी म्हणाले, वा रे पठ्ठ्या, आता बघ, सुईच्या टोकासारखे तारे येतायत. आणखी काही दिवस असे मिळाले तर काम झालं. हे फोन ठेवायचे आणि स्वतःशीच हसायचे. मला वाटलं, चला, बरं आहे, माणूस खूश आहे. चेहरा जरा उतरलेला दिसायचा, बोटं गार असायची. म्हटलं, गच्चीत बसून गारठत असतील. लोकरीचे हातमोजे दिले.

मग ती संध्याकाळ. जेवणं झाली होती, मी भांडी घासत होते. नळ धो धो चालू. शेवटचं पातेलं विसळलं, नळ बंद केला, आणि घर एकदम गप्प झालं. काहीतरी नाही, एवढंच कळलं. काय नाही ते कळायला एक क्षण लागला. मशीन नाही. गुरगुर नाही. मला वाटलं, वीज गेली, पण दिवा तर चालू होता. मी तशीच ओल्या हातांनी धावले.

हे गच्चीत खुर्चीवर बसलेले. नळी नाकात व्यवस्थित लावलेली, आणि मशीन बंद. कॅमेरा चालू. ओठ निळसर पडलेले, खांदे वरखाली होतायत, आणि डोळे वर. मला बघून बोट ओठांवर ठेवलं, जणू बाळ झोपलंय आणि मी उठवीन.

मी बटण दाबलं. मशीन गुरगुरायला लागलं. ह्यांनी डोळे मिटले. राग आला होता म्हणून नव्हे, तर हवा मिळाली म्हणून.

मग मी बोलले. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही, शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या एवढं सांगते. कधीपासून चाललंय हे? कितीदा? ह्यांना बोलता येईना, बोटानेच थांब थांब करत होते. शेवटी म्हणाले, थोडा वेळच बंद करतो गं. फार दम लागला की परत चालू करतो. हेच हलत होतं. पंप नाही. ह्याच मशीनने लादी हलते.

मी म्हटलं, अहो, मग मला सांगायचं होतं. मशीन तिकडे स्वयंपाकघरात नेलं असतं, लांब नळी लावली असती.

हे म्हणाले, लांब नळीने जोर कमी होतो असं मशीनवाला पहिल्याच दिवशी म्हणाला होता. तुला सांगितलं असतं तर तू मला बाहेर बसू दिलंच नसतंस.

बसू दिलं नसतं, हे खरंच. म्हणून मी जास्तच चिडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनवाल्याला फोन केला. तो दुपारी आला. मी विचारलं, लांब नळी मिळते का हो? तो म्हणाला, मिळते की. गच्चीपर्यंतच्या लांबीला काही फरक पडत नाही, फारच लांब केली तर जोर कमी होतो. आणि त्याने खांद्यावरची पिशवी उघडली आणि नळीचं वेटोळं काढून माझ्या हातात दिलं. पिशवीतच होती. इतके दिवस तो महिन्याला येत होता, गाळणी साफ करत होता, चहा पीत होता, आणि ती नळी त्याच्या पिशवीत होती. मी खोलीत जाऊन ह्यांना दाखवली. हे बघत राहिले. म्हणाले, अरेच्चा. मग तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागले, आणि मला कळलं की हे रडतायत. मला त्या वेळी जवळ बसायला सुचलं, एवढं बरं झालं.

मशीन मी स्वयंपाकघरात नेलं. नळी खोलीतून गच्चीपर्यंत आली. पण ह्यांना गच्चीत बसायला मिळालं नाही. त्याच आठवड्यात ताप आला, छाती भरली, दवाखान्यात न्यावं लागलं. मी डॉक्टरांना गाठून विचारलं, मशीन बंद करून बसायचे, त्याने झालं का हे? डॉक्टर तरुण होते. म्हणाले, आजारच असा आहे, आज ना उद्या हे होणारच होतं. त्याने काही झालं नसेल. नसेल म्हणाले. मी पुढे विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

दवाखान्यात भावजी रोज यायचे. पलंगाशी उभे राहून सांगायचे, पॉलिश, प्रोग्रॅम लावलाय, चाललाय, बघ तू. ह्यांच्या तोंडावर मोठा मास्क. या वेळी नीट तोंडावर. भावजी औषध आणायला खाली गेले तेव्हा ह्यांनी मास्क जरा उचलला आणि मला म्हणाले, तिकिटाला मशीनचं सांगू नको. तो फोटो पुसून टाकील. मी म्हटलं, मास्क लावा आधी. म्हणाले, वचन दे. मी म्हटलं, दिलं, लावा आता. त्यावर ह्यांनी मास्क लावला. त्या भांडकुदळ माणसाने माझं पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं. पहाटे गेले.

भावजी बरेच दिवस आले नाहीत. मग एका रविवारी दुपारी आले. हातात लॅपटॉपची बॅग. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण तुटलेलं. मी म्हटलं, आधी तो शर्ट काढून द्या, बटण लावते. ते म्हणाले, राहू दे वहिनी, आधी हे बघा.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. काळ्या आभाळात अंगठी. कडेला तांबूस, आत निळसर, आणि बरोबर मधे एक बारीक ठिपका. टाचणीने टोचल्यासारखा. मी बघत राहिले. इतका छोटा असेल असं मला वाटलंच नव्हतं.

भावजी म्हणाले, आला, वहिनी. पॉलिशचा ठिपका आला. आधीच्या फोटोंना प्रोग्रॅमने जवळजवळ काढूनच टाकलं. हे सगळं आलंय ते शेवटच्या दिवसांतल्या फोटोंतून. पंप बंद झाल्यानंतरच्या.

मी चहा आणून त्यांच्यासमोर ठेवला. ते उठले, गच्चीच्या दारापर्यंत गेले, बाहेर वाकून बघितलं. मग परत येऊन बसले. कप हातात घेतला. म्हणाले, वहिनी, तो पंप कुठल्या घराचा? मागे तर घर दिसत नाही. भिंत आहे, तिच्यापलीकडे मोकळी जागा आहे.

इतके दिवस मी मनात ठरवत होते की हा प्रश्न आला तर काय सांगायचं. जन्मात मी तोंड आवरलं नाही, माहेरी नाही, सासरी नाही. पण वचन दिलं होतं. मी म्हटलं, होतं तिथे. पत्र्याचं होतं. पाडलं मागच्याच महिन्यात.

भावजी म्हणाले, असं होय.

मी त्यांना म्हटलं, आता माझं एक काम करा. मला दुसरा फोटो करून द्या. हा नको.

ते गोंधळले. म्हणाले, यात काय वाईट आहे?

मी म्हटलं, वाईट काही नाही. पण मला आधीच्या फोटोंचा हवाय. पंप चालू होता तेव्हाच्या. नंतरचा एकही त्यात घालायचा नाही.

वहिनी, ते सगळे फुसके आहेत, त्यात ठिपका येणार नाही. ह्या ठिपक्यासाठी तर त्याने...

मला माहीत आहे त्यांनी काय केलं, मी म्हटलं. मला तेच फुसके हवेत. नंतरचे सगळे काढा.

भावजींचा हात लॅपटॉपच्या बटणांवरच थांबला. माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. मशीन अजून तिथेच होतं, मशीनवाला न्यायला आला नव्हता, आणि मशीनभोवती गुंडाळून ठेवलेली ती लांब नळी. तिच्यावरून त्यांची नजर हळूहळू उंबऱ्यापर्यंत आली. मी बटणांचा डबा शोधायचं निमित्त करून उठले. वचन मी मोडलं नव्हतं, पण पाळलंही नव्हतं, आणि आता उपयोग नव्हता.

ते म्हणाले, मीच सांगितलं होतं त्याला. शोध म्हणून.

मी म्हटलं, तुम्हाला काय ठाऊक होतं? आणि मला तरी काय ठाऊक होतं? मी शेजारच्या खोलीत भांडी घासत होते.

त्यावर ते टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि मीही रडले. चहा गार झाला. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा पुसला आणि कामाला लागले. नंतरचे फोटो एकेक गट करून काढले. प्रोग्रॅम चालवला. तो चालायला वेळ लागतो, तोवर मी त्यांच्या शर्टाचं बटण लावून दिलं. ते बनियनवर बसून पडद्याकडे बघत होते.

फोटो आला. अंगठी आली, जाडीभरडी, कडा पुसट. आजूबाजूचे सगळे तारे लांबट, एकाच दिशेला ओढलेले. मधे धुकं, ठिपका नाही. भावजी म्हणाले, हा बघा. काही नाही यात.

मी म्हटलं, आहे. यात ते श्वास घेतायत.